घरबसल्या पदवी

'पदवी' हा शब्द हल्ली दिवसातून दहा वेळा कानी पडतो. परंतु त्याचा मूळ अर्थ फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. संस्कृतात पदवी म्हणजे वाट. ज्या मार्गाने पावले गेली ती पदवी. पुढे त्या वाटेने जाणारा ज्या स्थानी पोहोचला त्या स्थानासही पदवी म्हणू लागले, आणि आता तर विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद एवढाच अर्थ उरला आहे. आमचे उत्तरेकडील बंधू तिला 'उपाधि' म्हणतात. मराठीत उपाधी म्हणजे मागे लागलेली कटकट. आणि गेल्या काही वर्षांत ही वस्तू ज्या तऱ्हेने घरोघर विकली जात आहे ती पाहिली म्हणजे आमचा मराठी अर्थच अधिक यथार्थ की काय असे वाटू लागते. असो.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकाच मजकुराची पत्रे अलीकडे इतकी वाढली आहेत की, प्रत्येकास निराळे उत्तर धाडणे आम्हांस या वयात शक्य नाही. म्हणून या महिन्याचे सदर त्या एका प्रश्नासच देत आहोत. पत्रे बहुधा मातांची असतात. मुलगा बारावी झाला. महाविद्यालयात मन रमले नाही, किंवा घरच्या अडचणीने ते मधूनच सुटले. आता तो कोठेतरी दहा-बारा तास राबतो. आणि त्याच्या मोबाइलवर रोज एक जाहिरात येते. झगा घातलेला हसरा तरुण, खाली मोठ्या अक्षरांत 'घरबसल्या पदवी', 'सुलभ हप्ते', 'शंभर टक्के नोकरी'. ही ऑनलाइन पदवी घेतली तर खरोखर नोकरी लागते काय, असे या माउल्या विचारतात.

एका वाक्यात दोन विधेये आली म्हणजे ती आधी सोडवून घ्या, असे आम्ही वर्गात मुलांस सांगत असू. येथेही तेच करावयाचे आहे. ही पदवी खरी आहे काय, हा एक प्रश्न. आणि खरी पदवी असली तरी तिने नोकरी मिळते काय, हा दुसरा. जाहिरात देणारा या दोहोंची गाठ मारून ठेवतो, आणि पहिल्याचे उत्तर 'होय' मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे भोळ्या गिऱ्हाइकास वाटते.

पहिल्या प्रश्नास संशयाचे कारण नाही. तो कायद्याचा विषय आहे. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम 22 अन्वये पदवी देण्याचा अधिकार केवळ कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास किंवा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थेस आहे. कंपनीस नाही, क्लासास नाही, 'इन्स्टिट्यूट' अशी पाटी लावणाऱ्यासही नाही. दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी आयोगाने 2020 च्या सप्टेंबरात निराळे नियम केले. आणि 2022 च्या सप्टेंबरात जाहीर केले की, मान्यताप्राप्त विद्यापीठाने नियमाप्रमाणे दिलेली ऑनलाइन पदवी ही वर्गात बसून मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीचीच धरली जाईल. तेव्हा 'ऑनलाइन पदवीला सरकारदरबारी किंमत नाही' असे जे आमचे काही समवयस्क कट्ट्यावर छातीठोकपणे सांगतात ते बरोबर नाही. मात्र ही बरोबरी विद्यापीठ मान्य, तो विशिष्ट अभ्यासक्रम मान्य, आणि ज्या सत्रात प्रवेश घेतला त्या सत्रापुरती परवानगी चालू, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच. एकही तुटली की माळेचे मणी विखुरले.

आणि ते कसे विखुरतात याची उदाहरणे या देशात थोडी नाहीत. 2002 साली छत्तीसगड राज्याने खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि बघता बघता तेथे शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर उगवली. एकेका इमारतीत, किंबहुना एकेका खोलीत विद्यापीठ. प्रा. यशपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 2005 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्या कायद्यातील मुख्य कलमेच रद्द केली. एका निकालाने 112 विद्यापीठे मिटली. पुढे 2017 च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी टपालाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या अवैध ठरविल्या. त्या पदव्यांवर बढत्या घेतलेले लोक सरकारी खात्यांत वर्षानुवर्षे काम करीत होते. त्यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. दिल्लीच्या एका प्रख्यात व्यवस्थापन-संस्थेच्या पानभर जाहिराती आपल्या वर्तमानपत्रांतही झळकत असत. ती आयआयपीएम. 2014 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिला एम. बी. ए., बी. बी. ए. हे शब्द वापरण्यास मनाई केली, आणि पुढल्या वर्षी तिचा बाजार उठला. बनावट विद्यापीठांची यादी आयोग दरसाल प्रसिद्ध करतो. महाराष्ट्रापुरते पाहिले तर नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे नाव त्या यादीत कित्येक वर्षे झळकत आले आहे.

आता घरी बसून पदवी ही कल्पना काही आजची नव्हे, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर आम्ही नव्या गोष्टीवर म्हातारपणाचा राग काढतो असे तरुण वाचक म्हणतील. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे शिकवणारे नव्हे तर परीक्षा घेणारे म्हणून. आणि स्वतः लंडन विद्यापीठाने 1858 पासून महाविद्यालयात पाऊलही न टाकलेल्यांस परीक्षेस बसू दिले. मुंबई विद्यापीठाने 1971 साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 साली निघाले, आणि आपल्या नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली. या संस्थांनी कारकून, पोलीस शिपाई, परिचारिका, शेतकऱ्यांच्या सुना अशा ज्यांना दिवसा महाविद्यालयात जाणे अशक्य होते त्यांना पदवीधर केले. त्यांपैकी कित्येक पुढे स्पर्धापरीक्षांस बसले व सरकारी अधिकारी झाले. तेव्हा दोष घरबसल्या शिकण्यात नाही.

मग दोष कोठे आहे? आमच्या मते तो नफ्यात आहे; आणि येथे कायद्याची एक गंमत आहे. भारतात नफ्यासाठी महाविद्यालय चालवता येत नाही. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांच्या पीठाने टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात सांगितले की, संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक राहू द्यावी, नफेखोरी करू नये. परंतु पुढल्या दाराने जे निषिद्ध ते मागल्या दाराने चालते. पदवी विद्यापीठाची, पण जाहिरात, भरती, मोबाइलवरील व्याख्याने, हप्त्यांची सोय हे सारे एखाद्या कंपनीचे. शुल्काचा वाटा दोघांत ठरतो. अमेरिकेत या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांचा वाटा काही करारांत अर्ध्याच्या वर गेला होता. ज्या शुल्कातला एवढा भाग गिऱ्हाईक गाठण्यात जातो त्यातून शिकवण्यास किती उरणार, हे त्रैराशिक आमच्या पाचवीतला विद्यार्थीही मांडील. 2022 च्या जानेवारीत आयोगाला आणि तंत्रशिक्षण परिषदेला विद्यापीठांस बजावावे लागले की, अशा कंपन्यांशी फ्रँचाइझीचे करार करून अभ्यासक्रम चालवू नयेत; ते नियमात बसत नाही.

आता दुसरा आणि खरा प्रश्न, नोकरीचा. 1862 साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले ते अवघे चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चौघांस नोकरीची ददात पडली नाही हे सांगावयास नकोच. भांडारकर तर लवकरच मुख्याध्यापक झाले. आमच्या घराघरांतून पदवीवर जी श्रद्धा आहे ती त्या काळातली आहे. पणजोबा बी. ए. झाले आणि मामलेदार झाले, ही गोष्ट चार पिढ्या सांगितली गेली. पण त्या वेळी पदवीधर चार होते, आणि 2021-22 साली या देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या 4 कोटी 33 लाख होती. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या साहाय्याने 2024 साली निघालेल्या भारतातील रोजगारविषयक अहवालात असे आढळले की, 2022 साली तरुण पदवीधरांतील बेकारी शेकडा 29.1 होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतील शेकडा 3.4. याचा अर्थ निरक्षर राहावे असा कोणी करू नये. निरक्षरास बेकार बसणे परवडत नाही, मिळेल ते काम तो उचलतो, आणि पदवीधर आपल्या पदवीला शोभेल अशा कामाची वाट पाहत आईबापांच्या घरी बसतो. परंतु 'पदवी म्हणजे नोकरी' हे समीकरण मोडले आहे हे त्या आकड्यांवरून कोणासही दिसेल.

नफ्याच्या ऑनलाइन पदवीविषयी नेमका प्रयोग अमेरिकेत झाला आहे. डेव्हिड डेमिंग, क्लॉडिया गोल्डिन, लॉरेन्स काट्झ आदी अर्थशास्त्रज्ञांनी तो केला व 2016 साली प्रसिद्ध केला; यांपैकी गोल्डिनबाईंना 2023 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी काल्पनिक उमेदवारांचे हजारो अर्ज खऱ्याखुऱ्या जाहिरातींना पाठविले. अर्ज एकसारखे, भेद तेवढा पदवी कोठली याचा. व्यापारविषयक नोकऱ्यांत नफ्याच्या ऑनलाइन संस्थेच्या पदवीधरास मुलाखतीचे बोलावणे, कोणासही प्रवेश देणाऱ्या साध्या सरकारी महाविद्यालयाच्या पदवीधरापेक्षा शेकडा 22 ने कमी आले. मात्र रुग्णसेवेच्या ज्या कामांत सरकारी परवान्याची परीक्षा स्वतंत्रपणे द्यावी लागते तेथे हा भेद दिसला नाही. म्हणजे मालकास संस्थेवर विश्वास नसतो तेथे तो दुसऱ्या कोणाची तरी साक्ष पाहतो. त्याच देशात फिनिक्स विद्यापीठाने आपल्या जाहिरातींत मोठमोठ्या कंपन्या आपल्या विद्यार्थ्यांस नोकऱ्या देण्यास सज्ज आहेत असा भास निर्माण केला, म्हणून सरकारी आयोगाशी 2019 साली 19 कोटी 10 लाख डॉलरची तडजोड करण्याची पाळी त्याच्यावर आली.

आमची ही खारी भाईंदर पूर्वेस आहे. नावातच खार आहे; एके काळी या बाजूस मिठागरे होती, आता इमारती आहेत, आणि मधूनमधून स्टीलच्या भांड्यांचे लहान कारखाने. येथल्या तरुणांस 'नोकरी' या शब्दाचा कोणता अर्थ भेटतो ते एका प्रसंगावरून कळेल. 2016 च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी आमच्या शेजारच्या मीरा रोडला काही कॉल सेंटरांवर छापा घातला. तेथून अमेरिकेतील लोकांस करखात्याचे अधिकारी म्हणून दूरध्वनी करून धमकावण्यात व लुबाडण्यात येत होते. रात्रपाळीची 700 हून अधिक मुलेमुली ताब्यात घेतली गेली आणि सुमारे 70 जणांस अटक झाली. बहुतेक विशीतली. त्यांना पदवी कोणी विचारली नव्हती; इंग्रजी बोलता येते काय एवढेच विचारले होते. पदवीवाचून चांगली नोकरी देतो म्हणणारा आणि पदवीनंतर चांगली नोकरी देतो म्हणणारा, दोघेही त्याच वयाच्या त्याच मुलांस गाठतात.

आमच्याच इमारतीत एक बाई पोळी-भाजीचे डबे करून देतात. यजमान करोनाच्या साथीत गेले. मुलगा तेव्हा बारावीत होता. कसाबसा उत्तीर्ण झाला, महाविद्यालयात नाव घातले आणि सहा महिन्यांत सोडले. गेली काही वर्षे तो एका भांड्यांच्या कारखान्यात चलने लिहितो, संगणकावर जमाखर्च ठेवतो. हुशार आहे, चार आकडे पाहिले की चूक कोठे आहे ते त्यास वासाने कळते. मध्यंतरी त्या बाई कागदांचे पुडके घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पाटल्या मोडायच्या आहेत. त्याआधी हे एकदा डोळ्यांखालून घाला." तीन वर्षांची बी. बी. ए., एकूण 1 लाख 80 हजार रुपये, दरमहा हप्ता.

आम्ही चष्मा चढवून सारे वाचले. जाहिरातीत कंपनीचे नाव हाताएवढे आणि विद्यापीठाचे नखाएवढे. 'सुलभ हप्ते' म्हणजे तिसऱ्याच एका वित्तसंस्थेचे कर्ज. मुलगा शिको वा सोडो, हप्ता फिटलाच पाहिजे. आणि जाहिरातीतली 'शंभर टक्के नोकरी' करारनाम्याच्या अकराव्या पानावर 'नोकरी शोधण्यास साहाय्य' एवढी आक्रसली होती. हमी हा शब्द सबंध करारात कोठेही नव्हता.

संध्याकाळी मुलगा आला. आम्ही हे दाखवू लागताच तो घुश्श्यातच बोलला, "सर, तुम्ही सगळे नको म्हणता. आमच्याकडे हिशेबनीसाची जागा निघाली, काम मीच करतो, पण शेट म्हणाले, ग्रॅज्युएट पाहिजे. जागा दुसऱ्याला दिली. मग मी काय करायचं?" यावर आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही, कारण मुलाचे म्हणणे खरे होते. त्याच्या बाबतीत पदवी निरुपयोगी नव्हती. काम त्याच्या हाती होते, अनुभव होता, केवळ दारावरचा अडसर काढावयाचा होता; आणि ज्याला कामच ठाऊक नाही त्याला पदवी काम देत नाही, पण ज्याचे काम कागदावाचून अडले आहे त्याला तोच कागद उपयोगी पडतो. तेव्हा त्यास पदवी घे असेच आम्ही म्हणालो. वाद राहिला तो कोणाची आणि किती रुपयांस, एवढ्यापुरता.

मग त्यानेच आपल्या मोबाइलवर आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचे संकेतस्थळ उघडले. विद्यापीठाचे नाव यादीत होते. मुलाचा चेहरा उजळला. आम्ही म्हणालो, "अभ्यासक्रमांची यादी बघ." तीत त्या विद्यापीठाचे दोनतीन ऑनलाइन अभ्यासक्रम होते, बी. बी. ए. त्यांत नव्हती. कंपनीच्या सल्लागारास तेथूनच फोन लावला. तो म्हणाला, परवानगी येत आहे, तोवर नाव नोंदवून ठेवा. 'येत आहे' हे रूप वर्तमानकाळाचे असले तरी अर्थ भविष्यकाळाचा आहे, हे आम्ही मुलास दाखवून दिले. तो हसला नाही, कारण त्याने आईस न सांगता दोन दिवसांपूर्वीच मोबाइलवर आकडे टाकून कर्जास संमती दिली होती. बाई मटकन खाली बसल्या.

सुदैवाने रिझर्व्ह बँकेने 2022 च्या सप्टेंबरात मोबाइलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांविषयी नियम केले आहेत. त्यांत कर्जाचा खराखुरा वार्षिक दर व इतर मुख्य बाबी एका वेगळ्या तक्त्यावर देणे सक्तीचे आहे, आणि दंड न भरता कर्जातून बाहेर पडण्यासाठी ऋणकोस काही दिवसांची मुदत दिली आहे. ती किती दिवसांची ते कर्जाच्या कागदावरच लिहिलेले असते. येथे एक दिवस उरला होता, आणि रक्कमही अद्याप कंपनीकडे वर्ग झालेली नव्हती. त्याच रात्री मुलाने लेखी कळविले. कर्ज रद्द झाले. नोंदणीचे म्हणून रोख भरलेले 5,000 रुपये मात्र आजतागायत परत आलेले नाहीत. मुलाने नंतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठात वाणिज्य शाखेस प्रवेश घेतला. कारखान्यातली जागा अर्थातच गेली ती गेली. पदवीस तीन वर्षे आहेत, आणि तोवर शेट त्याच पगारावर त्याच्याकडून तेच काम करवून घेत आहेत. पाटल्या बाईंच्या हातात आहेत.

आता उरलेल्या पत्रांपैकी दोनतिहींस थोडक्यात लिहितो. नागपूरच्या एका मातोश्रींनी विचारले आहे की, मुलास ऑनलाइन वकील होता येईल काय. येणार नाही. कायदा, अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुशास्त्र यांतले पदवी-अभ्यासक्रम ऑनलाइन चालविण्यास मनाई आहे. कोणी देतो म्हणाला तर त्याच्याशी अधिक बोलूच नये. ठाण्याच्या एका गृहस्थांनी मुलीच्या एम. बी. ए.चे शुल्क भरले आहे व 'डीईबी आयडी' काय प्रकार आहे असे विचारले आहे. ऑनलाइन वा दूरस्थ अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः काढावयाचा तो क्रमांक होय. 2024 पासून तो आवश्यक केला आहे, आणि तो काढताना परवानगी असलेली विद्यापीठे व अभ्यासक्रम समोर दिसतात. तो क्रमांक 'आम्हीच काढून देतो' असे कंपनी म्हणाली तरी मुलीने स्वतःच काढावा.

पुण्याच्या एका भगिनींनी कन्येसाठी आहारशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम पाहून ठेवला आहे. त्यांनी घाई करू नये. आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, आहार व पोषण यांसारख्या आरोग्याशी निगडित विषयांचे नवे प्रवेश दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने घेण्यास विद्यापीठांस मनाई केली आहे. त्यानंतर कोणी पैसे घेतले असतील तर पावत्या, संदेश आणि जाहिरातीचे चित्र जपून ठेवावे, आयोगाच्या 'ई-समाधान' या तक्रारींच्या संकेतस्थळावर लिहावे, आणि ग्राहकांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा 1915 हा क्रमांक फिरवावा. फोनवर मराठीतच बोलावे. कचरण्याचे कारण नाही.